लाईट आली तरी थांबा

ये गं पोरी, अशी जवळ सरक. म्हणजे तू तिकडं पुण्यात चौथ्या मजल्यावर आणि मी इथं बावड्याच्या वस्तीवर, तरी समोर बसलीयस असं धरूनच लिहिते. आधी थोडं बोलून घेते, मग बाकीचं. परवा फोनवर किती सहज सांगितलंस की मिक्सरची पिन तुटली, म्हणून वायरी सोलून तशाच बोर्डाच्या भोकात घातल्या आणि वर काडेपेटीच्या काड्या खोचल्या. वर आणखी म्हणतेस, मावशी, मस्त चालतंय. चालत असेल. पायावरनं साप गेला तरी माणूस पुढं चालतच असतं. एवढी शिकलीस आणि खालच्या दुकानातनं एक पिन आणायला तुला जिने उतरवले नाहीत?

तोंड पाडू नको. आमच्या घरातही हीच रीत होती, काड्यांची. ती मोडली आमच्या भाडेकरूनं. तुझं लग्न झालं त्या सुमारास ते आले, म्हणून तुझी त्यांची गाठ पडली नाही. त्यांची गोष्ट सांगते, मग त्या काड्या काढायच्या का ठेवायच्या ते तूच ठरव.

कुठल्याशा कारखान्यात ते इलेक्ट्रिक खात्याचे फोरमन होते. रिटायर होऊन आले तरी वस्ती त्यांना फोरमनच म्हणायची. बायको वारलेली, एक मुलगी नाशिकला. ती बिचारी दर सुट्टीला न्यायला यायची, तर हे म्हणायचे, तुझ्या फ्लॅटात माझं मशीन मावत नाही. आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या खऱ्या, पण जीव सगळा शेजारच्या रिकाम्या गोठ्यावर. तुझ्या काकांनी गोठा वर्षभरासाठी दिला. वर्षाची तीन झाली.

मशीन म्हणजे काय ते मला जसं कळलं तसं सांगते. चौकोनी पायपांची एक मोठी बाज समज. बाजेवर लाकूड आवळून ठेवायचं. वर एक पूल, तो पुढंमागं सरकतो. पुलावर एक डोकं, ते डावीउजवीकडं आणि वरखाली होतं. त्या डोक्यात सुतार लोक हातात धरतात तो राऊटर बसवलेला, त्याच्या खाली गरगर फिरणारं पातं. सरकवायला लहान लहान मोटरी. लॅपटॉपवर चित्र काढलं की मशीन तेच चित्र लाकडात कोरतं. सीएनसी म्हणतात त्याला. लोकं विकत घेतात, ह्यांनी घरी बांधलं. बारामतीच्या एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांकडनं एकेक नग निवडून आणायचे आणि पिशवीत गुंडाळून यष्टीत मांडीवर घेऊन बसायचे, जसं काही सुनेचं पहिलं बाळ आणलंय.

माझ्याकडं पहिल्यांदा आले ते एक कोरा शर्ट घेऊन. मला शिवणकाम येतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाले, ह्याला डाव्या बाजूला खाली खोल खिसा लावा, हात मनगटापर्यंत आत गेला पाहिजे. मी म्हटलं, फोरमन, मोबाईल ठेवायचाय का? तर म्हणाले, हातच ठेवायचाय. मग मला समजावून सांगितलं. लाईट चालू असताना तारांच्या पेटीत हात घालूच नये, हे पहिलं. पण वेळ आलीच तर एकच हात घालावा. दोन्ही घातले तर करंट एका हातातनं शिरतो आणि दुसऱ्यातनं निघतो, आणि वाटेत काळीज असतं. डावा हात खिशात असला म्हणजे त्याला तिकडनं रस्ता नाही.

तो हात पुढं त्यांच्या अंगवळणीच पडला होता. जयभीम घातला की उजवा हात वर, डावा खिशात. लग्नात अक्षता टाकायच्या तर डावा खिशात. माझी जाऊ म्हणायची, एवढा कसला ताठा म्हणायचा ह्या माणसाला. मी त्यांच्या सगळ्या शर्टांना खिसे लावले, एका स्वेटरलासुद्धा. स्वेटरला खिसा लावणं किती किचकट असतं ते शिवणारीलाच विचार.

गोठ्याच्या दाराशी त्यांनी खिळ्यांची एक ओळ मारलेली. आत जायचं तर ओढणी, उपरणं, गळ्यातलं, मनगटातलं, जे जे लोंबतंय ते खिळ्याला. सरपंच एकदा कौतुकानं बघायला आले. फोरमननी नुसतं त्यांच्या उपरण्याकडं बघितलं आणि खिळ्याकडं बोट केलं. सरपंचांनी काढून ठेवलं बिचाऱ्यांनी. बाहेर आल्यावर मला म्हणाले, देवळात चप्पल काढतात तसं हाय हे. मला तर पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

आणि अर्थिंगचा खड्डा. गोठ्यामागं खोल खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरलेली. सुटलेल्या करंटला जमिनीत जायला वाट म्हणून. ती जमीन ओली राहिली पाहिजे, म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की हे तांब्याभर पाणी घेऊन निघायचे आणि सावकाश ओतायचे. आमची सगळी वस्ती बौद्धांची, लोकांना वाटलं फोरमननी कुठला देव सुरू केला. शेवटी मीच विचारलं, काय हो, तुळस हाय का तितं? म्हणाले, "तुळशीला पाणी न्हाय घातलं तर तुळस वाळंल. ह्याला न्हाय घातलं तर आपण."

बोलणं असं तुटक. आणखी एक खोड होती. सांगता सांगता मध्ये कुणी आलं आणि त्यांचं बोलणं तुटलं, तर ते आपणहून पुन्हा सुरू करायचे नाहीत. समोरच्यानं म्हणायला पाहिजे, हां, मग पुढं काय झालं? नाही म्हटलं तर गोष्ट तिथंच. कितीक गोष्टी अर्ध्या राहिल्या माझ्या ऐकायच्या.

एकदा मशीन सारखं अडायला लागलं. राऊटर सुरू केला की मशीन आपोआप थांबायचं. चारपाच दिवस डोकं धरून बसले, जेवणावर लक्ष नाही. मग कळलं की पूल टोकाला गेला का हे सांगणारी बारीक तार राऊटरच्या जाड तारेच्या पोटाशी चिकटून नेलेली. जाड तारेच्या गोंगाटानं बारकीला भलतंच ऐकू यायचं. मला सांगायला आले तेव्हा नेमकी माझी जाऊ शेंगा निवडत बसलेली. म्हणाले, "तारा बी जावा-जावांसारख्या असत्यात ताई. एका पायपातनं नेल्या की झालं." जाऊ आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता खरी गोष्ट. आपल्याकडं लाईटीचं कसं असतं तुला ठाऊक आहे. येते जाते, आणि विहिरीवर कोण वाट बघत बसणार? म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो असतो. चपट्या डबीएवढी वस्तू. लाईट आली की तीच बटण दाबल्यासारखं करते आणि मोटर सुरू. माणूस घरी झोपला तरी उसाला पाणी चालू. सरकारनं काढा म्हटलं तरी कोण काढतंय.

फोरमनना त्या डबीचा भारी राग. त्यांच्या मशीनची रीत उलटी. हिरवं बटण दाबलं की चालू. लाईट गेली की बंद. आणि लाईट परत आली तरी बंदच, कुणीतरी येऊन पुन्हा हिरवं दाबेपर्यंत. लाल बटणाचंही तसंच. त्याची तार तुटली, उंदरानं कुरतडली, तरी मशीन थांबलंच पाहिजे अशी जोडलेली. बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूनं व्हावा, असं त्यांचं म्हणणं.

तुझ्या काकांचा आणि त्यांचा ह्यावरनं चहाला वाद. काका म्हणायचे, तुमाला ऊस न्हाय म्हणून सुचतंय. आमी रात्रीबेरात्री विहिरीवर जाऊन बटणं दाबायची का? फोरमन म्हणायचे, मोटरीपाशी कोण वाकलंय हे लाईटीला दिसत नसतंय. आणि माझं मशीन तर लाईट गेली की आपण कुठवर आलो तेच विसरतं. "विसरलेल्या माणसाला कुणी पळ म्हणतं का, आबा? आधी कुठं हाय ते सांगावं लागतं."

खरंच, दर खेपेला ते मशीनला पहिल्या खुणेवर नेऊन पुन्हा सगळं जुळवायचे. त्यात वेळ जायचा.

त्या साली आमच्या विहारात मूर्तीमागं लाकडाची जाळी करायचं ठरलं, पिंपळपानांची. फोरमन म्हणाले, मशीनवर करून देतो. काकांनी नेमक्या तेव्हाच दोन गाभण गाई घ्यायचं ठरवलेलं. सगळ्यांच्या समोर म्हणाले, "बुद्धपौर्णिमेला जाळी उभी राहिली तर गोठा कायमचा तुमचा. न्हाय राहिली तर गाई आत आन् मशीन बाहेर." लोक हसले. फोरमन हसले नाहीत. चालंल, म्हणाले. मशीन गोठ्यातनं निघालं तर जायचं कुठं? नाशिकच्या फ्लॅटात मावत नव्हतं, हे तर ते स्वतःच सांगायचे. सुटं करून भंगारातच गेलं असतं.

काम सुरू झालं. जाळीचे चार भाग. पहिलं पान कोरून झालं तेव्हा मी बोट फिरवून बघितलं, शिरासुद्धा उमटलेल्या. पण ऊन वाढलं आणि लाईटीनं छळ मांडला. गेली की हे पिन काढायचे, आली की पिन घालायची, खूण जुळवायची, हिरवं दाबायचं. तीन भाग झाले आणि पौर्णिमा तोंडावर आली.

आता तुझ्या काकांचं सांगते. पैज लावलेला माणूस, पण रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात उभा राहून विचारायचा, कुठवर आलं? तिसरा भाग झाला तेव्हा बाकीच्यांपेक्षा हाच खूश. त्यांना वाटायचं, फोरमन आंघोळीला जातात, चहाला बसतात, लाईट आलेली त्यांना कळत नाही, तिथंच वेळ जातो. मनात आलं, मदत करावी. फोरमन नवं पातं आणायला इंदापूरला गेले, तेवढ्यात ह्यांनी विहिरीवरचा जादा ऑटो आणला आणि मशीनच्या पेटीत जोडून दिला. कुणाला सांगितलं नाही. बढाई नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा कोरलेला चौथा भाग बाजेवर. सकाळपासून लाईट नव्हती. पिन नेहमीसारखी फोरमनच्या खिशात. वायर मुद्दाम तेवढी लांब ठेवलेली, म्हणजे त्यांच्या नकळत दुसरं कुणी पिन लावायला नको. तसंच पातं बदललं. मी ब्रशनं जाळीतला भुसा काढत होते. घरातला पंखा वाजायला लागला, म्हणजे लाईट आली. कोपरा राहिला होता माझा, तेवढ्यात त्यांनी पिन लावली. पिन लावली म्हणून काय होतंय, हिरवं दाबेपर्यंत काही होत नाही, हे आम्हा दोघांनाही इतकं पाठ की मी मान वर केली नाही.

एकदोन श्वास गेले आणि राऊटर गरजला.

माझा हात कसा मागं आला ते मला ठाऊक नाही. ब्रशचे केस उडाले. फोरमननी लाल बटणावर थाप मारली, पातं घरघरत थांबलं. मग पिन काढली, खिशात घातली, आणि खिशातला डावा हात बाहेर काढून माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. उलटसुलट करून बघितले. बोटं मोजल्यासारखी. मी शिवणारी बाई, त्या बोटांवरच माझं सगळं.

पेटी उघडली. तारांच्या रांगांत ती डबी बसलेली. आवाज ऐकून काका विहिरीकडनं पळत आले. फोरमननी डबीकडं बोट करून विचारलं, कुणी?

"मी," काका म्हणाले. "तुमचं काम लवकर व्हावं म्हणून."

मला वाटलं आता भांडण होणार. फोरमननी पेटीचं झाकण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वाईटासाठी कोण वायर जोडतंय, आबा? सगळी भल्यासाठीच जोडत्यात." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचा हात आत असताना मी पिन लावली. ती चूक माझी. त्यात आबांचा काय संबंध न्हाय."

ऑटो काढला. मी म्हटलं, सुटलो, आता करा सुरू, अजून वेळ आहे. तर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सगळी पेटी सोडवायला बसले. एकेक तार बाहेर. काका म्हणाले, अहो, मी फक्त दोन टोकं जोडली होती, दाखवतो ना. फोरमन म्हणाले, "एक तार मला न सांगता बदलली, तर आता त्यातली एकबी तार माझ्या वळखीची न्हाय. सगळ्या पुन्हा बघितल्याबिगर मी ताईंना ह्या मशीनपाशी उभं करणार न्हाय." मी म्हटलं, गोठा जाईल तुमचा. जाऊ दे, म्हणाले.

दोन दिवस ते मिटर घेऊन तारा मोजत बसले. काका त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि दाराशीच उभे राहायचे. आत गेले तरी उपरणं खिळ्याला लावून, कुणी न सांगता.

पौर्णिमेला विहारात जाळीचे तीनच भाग लागले. उजवीकडं भिंत उघडी. मूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आणि सगळ्यांचे डोळे त्या उघड्या भिंतीवर. खीर वाटायच्या आधी फोरमन उठून उभे राहिले आणि म्हणाले, जाळी झाली न्हाय, ठरल्याप्रमाणं गोठा रिकामा करतो. खाली बसले. कुणी हसलं नाही. काही लोकांना तर वाटलं, म्हातारा हरला, शेवटी मशीन बिघडलंच.

तेव्हा तुझे काका उभे राहिले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ज्यांना खोकला येतो ते. खोकलेच आधी. म्हणाले, "मशीन बिघडलं न्हवतं. मी बिघडवलं. त्यात विहिरीवरचा ऑटो बसवला, न विचारता. आमच्या घरातलीची बोटं गेली असती, ह्यांनी वाचवली. जाळी माझ्यामुळं राहिली, तर मग बाहेर जायचं ते मी. माझ्या गाई जातील बाहेर."

पाठीमागनं कुणीतरी म्हणालं, आबा, गाईंना विचारलं का? मग मात्र सगळं विहार हसलं. फोरमनसुद्धा. आणि मी पाहिलं, हसताना त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी विहिरीवरचाही ऑटो काढला. तेव्हापासून बटण दाबायला जातात, कुरकुरत का होईना. जाऊ म्हणते, चालणं झालं म्हणून तब्येत सुधारली. गाई आल्या त्या लिंबाखाली, वर चार पत्रे टाकून. चौथा भाग पुढच्या आठवड्यात झाला. तो सुरू करताना फोरमन बाजूला झाले आणि मला म्हणाले, तुमी दाबा. आधी हात बाहेर हायत का ते बघा, मग दाबा. मी दाबलं.

नंतर ते बरीच वर्षं राहिले. मला सगळं शिकवलं, माझं शिक्षण किती ते न विचारता. पुढं गुडघे फार दुखायला लागले तेव्हा मुलीनं नेलंच नाशिकला. मशीन इथंच राहिलं. आता मी त्यावर नावाच्या पाट्या करते, बारामतीपर्यंत जातात. नाशिकला बरे आहेत. मुलीच्या फ्लॅटातले सगळे बोर्ड उघडून पुन्हा बसवलेत म्हणे, जावई काही बोलत नाही.

तर पोरी, त्या काड्या काढ आणि पिन आण. आणि आता येण्याचं मनावर घे. फोनवर येते येते म्हणतेस, सणाला येते म्हणतेस, सण येऊन जातो. विहारात जाऊ आपण. चौथ्या भागाचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा थोडा उजळ आहे, पॉलिश दुसऱ्या डब्यातलं लागलं म्हणून. नवं माणूस आलं की विचारतं, हा तुकडा असा का? मग ज्याला वेळ असेल तो बसून सगळं सांगतो. काका असले तर तेच सांगतात, स्वतःची चूक जरा वाढवूनच. इंदापूरला उतरलीस की फोन कर, ते गाडी घेऊन येतील. जावईबापूंनाही आण. चार दिवस राहायच्या बेतानं ये, धावतपळत नको. आणि लवकर ये गं, एक गाय आता विणार आहे, लिंबाखालीच.